सासूबाईंच्या वह्या आणि दोन पानांचा मृत्युलेख

वाचकाचे पत्र (संक्षेपाने)

माझे माहेर साताऱ्याचे आणि सासर अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, डेकोरा गावाजवळच्या एका शेतावरचे. आम्ही दोघे डी मॉइनला राहतो. माझ्या सासूबाई गेल्या महिन्यात, ९१ व्या वर्षी, वारल्या. चर्चमधली प्रार्थना झाली, परंतु जमीन गोठलेली असल्यामुळे घरच्यांनी दफन एप्रिलमध्ये ठेवले आहे. तिथल्या साप्ताहिकात निधनवार्ता आली ती एवढीच: १९३३ साली जन्म, चर्चमध्ये दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर स्वतःची श्रद्धा जाहीर करण्याचा विधी), १९५३ साली विवाह, पाच मुले, 'गृहिणी होत्या, बागकामाची आवड होती'. दफनाच्या दिवशी नातवंडे-पतवंडे जमतील तेव्हा कुणीतरी त्यांच्या आयुष्याविषयी दोन पाने वाचावीत असे ठरले आणि मी थोडेफार लिहिते म्हणून ते काम माझ्याकडे आले. मी सगळ्यांना विचारले, तर प्रत्येकाचे उत्तर एकच: "आईच्या आयुष्यात सांगण्यासारखे काही घडलेच नाही, ती नुसती काम करत राहिली."

त्या मला कधी जवळ घेऊन बोलल्या नाहीत. साताऱ्याला आमचे लग्न झाले तेव्हा गायींचे कारण सांगून आल्या नाहीत. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांच्या चर्चमध्ये कुणाच्या तरी दफनानंतरचे जेवण होते. तेव्हा त्यांनी मला एक केकचे भांडे दिले आणि त्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टीवर माझे नाव लिहून लावले. त्याआधी फोन करून नावाचे स्पेलिंग तेवढे विचारले होते. शेवटच्या आठवड्यात त्या कुणालाच न कळणारे काहीतरी पुटपुटत होत्या. मला त्यात 'येसू नाव्न' असे दोन शब्द ऐकू आले. घर रिकामे करायचे आहे. त्यांच्या चाळीस-बेचाळीस हिशेबाच्या वह्या निघाल्या आहेत आणि वन्सं म्हणतात की त्या टाकून द्याव्यात. धाकटे दीर १ मार्चच्या आत जमिनीचा निर्णय घ्या म्हणून मागे लागले आहेत. मोठे दीर १९८५ साली वडिलांशी भांडून घर सोडून गेले होते, त्यांच्याविषयी लिहावे की नाही कळत नाही. मी काय लिहू? बाहेरून आलेल्या सुनेने हे लिहावे का? आणि मला अजून रडू आलेले नाही, याची मला लाज वाटते.

– एक सून, डी मॉइन

उत्तर

प्रिय भगिनी,

तुमच्या बाकी प्रश्नांकडे वळण्याआधी एक काम आजच करा. वन्संना फोन करा आणि त्या वह्या मागून घ्या. त्या मौल्यवान आहेत की नाहीत यावर वाद घालू नका आणि त्या मला ठेवायच्या आहेत असेही म्हणू नका, कारण घर रिकामे करताना सुनेने एखादी वस्तू मागितली की ती लगेच वाटणीचा विषय होते. एवढेच सांगा की एप्रिलमध्ये वाचायचे लिहिण्यासाठी मला त्या दोन महिने हव्या आहेत, मी स्वतः गाडीतून घेऊन जाईन आणि दफनाच्या दिवशी परत आणीन. आईचे घर उपसणाऱ्या लेकीला एक खोके कमी झाल्याचा आनंदच होईल. त्या पुढे कुठे ठेवायच्या हे एप्रिलनंतर सावकाश ठरवता येईल. आयोवात स्त्रियांची कागदपत्रे जपणारे एक संग्रहालय आहे, आयोवा सिटीच्या विद्यापीठातले, १९९२ साली उघडलेले, आणि शेतावरच्या बायकांच्या अशा वह्या-दैनंदिन्या तिथे आदराने ठेवून घेतात. लिलाववाल्याच्या मेजावर मात्र त्या रद्दीच ठरतील.

हे मी इतक्या आग्रहाने का लिहिते आहे ते सांगते. मी आयोवाच्याच एका लहान गावी सव्वीस वर्षे राहिले आणि त्यातली अकरा वर्षे तिथल्या ग्रंथालयात जुन्या साप्ताहिकांतल्या निधनवार्तांची सूची करण्याचे काम केले. शेतावरच्या हजारो बायकांच्या निधनवार्ता माझ्या डोळ्यांखालून गेल्या. जन्म, दृढीकरण, विवाह, मुले, चर्चमधल्या महिला मंडळाचे नाव, आधी निवर्तलेल्यांची यादी, मागे राहिलेल्यांची यादी. जुन्या अंकांत तर बाईचे स्वतःचे नावही दुसऱ्या वाक्यात येई. मथळ्यात ती अमक्याची मिसेस असे. ज्या बाईने सत्तर वर्षे एक शेत चालते ठेवले तिच्याविषयी 'बागकामाची आवड होती' एवढे वाचले की मला त्या काळी फार वाईट वाटे, आणि तुमचे पत्र वाचतानाही वाटले. तुमच्या घरच्यांचा यात दोष नाही. जे काम रोज डोळ्यांसमोर होते ते मुलांना दिसत नाही, आणि 'ती नुसती काम करत राहिली' या वाक्यातला 'नुसती' हा शब्दच तुम्हाला दोन पानांत खोडून काढायचा आहे.

तुम्ही पत्रासोबत वहीतले एक पान उतरवून पाठवले आहे. तुम्हाला ते रुक्ष वाटले म्हणून तुम्ही त्याची जवळजवळ क्षमा मागितली आहे. मी ते इथे देते: 'एप्रिल १९५८. तलंगा ३००, मेल्या ११. अंडी २ पेट्या. साय ३ कॅन. ओट पेरून झाले. मुलाला जोडे. पाऊस नाही.' आता हे पान माझ्यासोबत सावकाश वाचा. तीनशे तलंगा म्हणजे वसंतात टपालाने खोक्यातून आलेली एक दिवसाची पिल्ले, ज्यांना पहिले काही आठवडे ऊब द्यावी लागते आणि थंडीच्या रात्री उठून पाहावे लागते, कारण ऊब कमी झाली की ती एकमेकांवर चढून गुदमरून मरतात. तीनशेंपैकी अकराच मेली, याचा अर्थ तुमच्या सासूबाई आपल्या कामात अतिशय निष्णात होत्या आणि कितीतरी रात्री पुऱ्या झोपल्या नव्हत्या. अंड्यांची एक पेटी तीस डझनांची असे, म्हणजे दोन पेट्यांत सातशेवीस अंडी, आणि विकायला नेण्याआधी त्यातले एकेक अंडे हातात घेऊन पुसावे लागे. साय म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी काढलेल्या धारा, त्यानंतर साय वेगळी करण्याच्या यंत्राच्या डझनावारी पत्र्याच्या चकत्या एकेक सुटी करून उकळत्या पाण्यात धुणे. आणि मग 'मुलाला जोडे'. हे शब्द अंड्यांच्या आणि सायीच्या ओळीखाली आले आहेत, ते योगायोगाने नाही.

त्या भागातल्या शेतांवर घरखर्चाची रीत अशी होती की मका, डुकरे आणि गुरे यांचा पैसा बँकेकडे, यंत्रांकडे आणि जमिनीच्या हप्त्याकडे जाई, आणि किराणा, कापड, जोडे, शाळेची पुस्तके, डॉक्टरांची फी हे सगळे बाईच्या अंड्यांच्या आणि सायीच्या पैशांतून भागे. पीक बुडाले किंवा मक्याचा भाव पडला तरी घरात पीठ-साखर येत राही ती या पैशामुळे. पाच मुलांचे पोट ज्या उत्पन्नावर भरले ते उत्पन्न कमावणाऱ्या बाईला निधनवार्तेत 'गृहिणी' म्हटले गेले. तुम्ही तो शब्द बदलण्यासाठी भांडू नका. ही एक नोंद वाचून दाखवा आणि तिचा अर्थ सांगा; समोर बसलेल्या पाच मुलांना आपापले जोडे आठवतील.

हा विसर केवळ घरातला नव्हता, कायद्यातलाही होता. अमेरिकेत १९७० च्या दशकापर्यंत वारसा कराचा नियम असा होता की पतिपत्नींच्या जोड नावावर शेत असले आणि पती आधी वारला, तर कर आकारताना सगळे शेत त्याचेच धरले जाई; आपण पैसा घातला होता असे पत्नीने कागदोपत्री दाखवले तरच तेवढा भाग वगळला जाई. अंडी, धारा, मुले, नांगरटीच्या दिवसांत शेतावर पोहोचवलेली जेवणे यांची पावती कुणाकडे असणार? शेतकरी बायका याला 'विधवांचा कर' म्हणत. त्यासाठी त्यांनी मोठा झगडा केला, १९७६ साली नियम काहीसा सैल झाला आणि १९८१ च्या कायद्याने पतीकडून पत्नीकडे येणाऱ्या मालमत्तेवरचा हा भार काढून टाकला. तुमचे सासरे २००४ साली गेले, म्हणून सासूबाईंना तो भरावा लागला नाही; त्यांच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी विधवांना तो भरण्यासाठी जमिनीचा तुकडा विकावा लागला. शेतीच्या सरकारी गणनेचेही तेच. २००२ सालच्या गणनेआधी एका शेताचा एकच शेतकरी नोंदला जाई; त्या गणनेपासून एकाहून अधिक नावे नोंदवण्याची सोय झाली. ती सोय झाल्यानंतर चित्र किती बदलले पाहा: २०१७ च्या गणनेत शेती करणाऱ्यांपैकी ३६ टक्के बायका निघाल्या. सातारा जिल्ह्यात वाढलेल्या मुलीला मी हे अधिक काय समजावू? आपल्याकडे शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली तेव्हा सातबाऱ्यावर बायकोचे नाव चढवायला माणसे किती कचरत होती ते तुमच्या वडिलांच्या पिढीने पाहिले आहे.

आता त्यांच्या बालपणाकडे. तुम्ही लिहिता की त्यांची ८६ वर्षांची धाकटी बहीण क्रेस्कोला असते. तिला भेटायला जा, फोनवर काम भागवू नका. मावशींना 'ताई कशा होत्या' असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर 'चांगली होती' एवढेच येईल. तिथली माणसे गुणवर्णनाला लाजतात, कामाविषयी मात्र तासभर बोलतात. विचारा की पंपावरून पाणी कोण आणत असे, हिवाळ्यात शाळेत कसे जात, धान्याच्या पोत्यांच्या छापील कापडाचे झगे कोण शिवत असे, मळणीच्या दिवशी जेवायला किती माणसे असत, आणि घरात वीज आली तो दिवस कोणता. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. १९३५ साली ग्रामीण विद्युतीकरणाची केंद्रीय योजना सुरू झाली तेव्हा अमेरिकेतल्या दर दहा शेतांपैकी जेमतेम एका शेतावर वीज होती. त्या पिढीतल्या ज्या ज्या बाईला मी हा प्रश्न विचारला तिने पहिला दिवा लागला ती संध्याकाळ काल घडल्यासारखी सांगितली. एकीने मला सांगितले की दिवा लागल्यावर तिच्या आईने आधी भिंती पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या घासायला घेतल्या, कारण रॉकेलच्या दिव्यात काजळी कधी दिसलीच नव्हती.

क्रेस्कोचे नाव निघाले म्हणून सांगते, त्याच गावाजवळच्या, तुमच्या सासरसारख्याच एका नॉर्वेजियन वंशाच्या शेतकरी कुटुंबात १९१४ साली नॉर्मन बोरलॉग जन्मले, ज्यांच्या गव्हाच्या वाणांनी साठच्या दशकात आपल्या देशाचे धान्यसंकट हलके केले. त्या डोंगराळ मुलखातल्या एका मुलाला नोबेल मिळाले आणि त्याच्यावर ग्रंथ लिहिले गेले हे योग्यच झाले. त्या मुलखातल्या घरोघरच्या चुलीपाशी उभ्या असलेल्या बायकांची मात्र साप्ताहिकातल्या चार ओळींवर बोळवण झाली, आणि तुमच्या हाती निदान एकीपुरते ते बदलणे आहे.

तुम्हाला ऐकू आलेल्या 'येसू नाव्न' या दोन शब्दांनी मी बराच वेळ अस्वस्थ होते. नॉर्वेजियन लोकांची जेवणाआधी म्हणायची एक जुनी प्रार्थना आहे, 'इ येसू नाव्न गोर वी तिल बूर्स', म्हणजे येशूच्या नावाने आम्ही पानावर बसतो. सासूबाई तीच म्हणत होत्या का, हे मावशींना विचारा. त्यांना पहिली ओळ म्हणून दाखवा आणि त्या पुढची म्हणतात का ते पाहा. पहिल्या महायुद्धाच्या काळात, २३ मे १९१८ रोजी, आयोवाचे राज्यपाल विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढले होते की शाळेत, आगगाडीत, टेलिफोनवर आणि चर्चमध्येसुद्धा इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही. युद्ध संपल्यावर ते मागे घेतले गेले, आणि डेकोरातले नॉर्वेजियन वर्तमानपत्र तर १९७२ पर्यंत निघत होते. तरीही त्या फर्मानाची धास्ती घेतलेल्या आईबापांनी मुलांशी इंग्रजीतच बोलायचे ठरवले आणि नॉर्वेजियन ही आजीच्या खोलीतली, प्रार्थनेतली, मुलांना कळू नये अशा बोलण्यातली भाषा उरली. जी भाषा सासूबाईंनी आपल्या मुलांना दिली नाही ती शेवटच्या आठवड्यात त्यांच्या ओठांवर आली असेल, तर ती ओळखण्याइतका कान त्या खोलीत फक्त तुम्हाला होता. घरात एक आणि बाहेर एक अशा दोन भाषांत जगणे काय असते हे तिथे बसलेल्यांपैकी तुम्हालाच ठाऊक आहे. बाहेरून आलेल्या सुनेने लिहावे का, या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर यात आले. मावशींनी दुजोरा दिला तर ती प्रार्थना दफनाच्या वेळी त्यांनाच म्हणू द्या.

मोठ्या दिरांचा प्रश्न अवघड आहे आणि तिथे तुम्ही सावध राहावे असे मला वाटते. १९८५ या सालाचा अर्थ आधी समजून घ्या. सत्तरच्या दशकात धान्याला भाव होता, जमिनीच्या किमती दरवर्षी चढत होत्या आणि बँका शेतकऱ्यांना स्वतःहून कर्ज देत होत्या. तुमच्या सासऱ्यांनी १९७९ साली आणखी ८० एकर घेतले ते त्याच हवेत, थोरल्या मुलाला शेतीत सामावून घेता यावे म्हणून. त्यानंतर वर्ष-दीड वर्षातच व्याजाचे दर वीस टक्क्यांच्या वर गेले. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या पाहणीनुसार राज्यात एकरी सरासरी किंमत १९८१ साली २,१४७ डॉलर होती, ती १९८६ साली ७८७ डॉलरवर आली. ज्या जमिनीच्या भरवशावर कर्ज काढले तिचीच किंमत कर्जाहून कमी झाली. बँका बुडाल्या, शेते लिलावात गेली, न्यायालयांच्या आवारात लोकांनी गेलेल्या शेतांच्या नावाने पांढरे क्रूस रोवले, आणि काही शेतकऱ्यांनी जीव दिला. विदर्भ-मराठवाड्यातल्या बातम्या वाचणाऱ्या मराठी माणसाला ते दुःख उलगडून सांगावे लागत नाही. अशा वर्षी एकाच शेतावर दोन संसार चालणे शक्य नव्हते आणि कुणाला तरी निघून जावे लागणार होते. तुमच्या घरात त्याला भांडण असे नाव पडले, परंतु भांडणाच्या मुळाशी हा हिशेब असण्याची शक्यता मला फार वाटते.

आणि तुम्ही ओझरते लिहून गेला आहात की त्या 'काही वर्षे वृद्धसेवा केंद्रात रात्रपाळी करत'. कोणत्या सालापासून, ते वह्यांत शोधा. १९८४-८५ निघाले, तर समजा की सकाळ-संध्याकाळच्या धारा सांभाळून, पन्नाशी ओलांडलेल्या त्या बाईने रात्री दुसऱ्यांचे आईबाप सांभाळले, आणि त्या पगारातून घरखर्च आणि आरोग्य विमा चालला म्हणून उरलेले शेत आज वाटणीसाठी शिल्लक आहे. मुलांना हे एका वाक्यात सांगा, कुणाकडे न पाहता. थोरल्या दिरांविषयीचा मजकूर मात्र आधी त्यांना एकट्याला दाखवा. ते आता सत्तरीत असतील. त्यांनी 'नको' म्हटले तर तो परिच्छेद काढून टाका आणि दुसऱ्या कुणाजवळ त्याचा उल्लेखही करू नका. आईच्या कबरीपाशी उभ्या असलेल्या मुलाला काय ऐकायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे.

जमिनीविषयी थोडक्यात. कुणाचे बरोबर हे मी सांगणार नाही. मृत्युपत्र, वकील आणि पाच भावंडे यांचे ते काम आहे आणि ते तुमच्या दोन पानांत मिसळू देऊ नका. मात्र घाई कशाची ते विचारा. १ मार्चला आयोवात शेतीच्या खंडाचे वर्ष सुरू होते हे खरे, परंतु तिथल्या कायद्याप्रमाणे खंड संपवायचा असल्यास आधीच्या १ सप्टेंबरपर्यंत लेखी सूचना द्यावी लागते, नाहीतर तो साधारणपणे पुढच्या वर्षी आपोआप चालू राहतो. तुमच्या जमिनीवर २००४ पासून शेजाऱ्यांचा खंड आहे आणि सासूबाईंनी मागच्या उन्हाळ्यात तशी सूचना दिलेली नसेल, तर यंदाचे पीक शेजारीच घेतील. वकिलाकडून एवढी खात्री करून घेतली की धाकट्या दिरांना 'दफनानंतर बसू' असे शांतपणे सांगता येईल. शेत एका कुटुंबाकडे शंभर वर्षे असल्याबद्दलचे राज्याचे प्रशस्तिपत्र त्यांच्या दिवाणखान्यात आहे असे तुम्ही लिहिले आहे. त्या शंभरांतली ५० वर्षे सासू-सासऱ्यांनी जोडीने राखली आणि सासरे गेल्यावर पुढची जवळजवळ वीस वर्षे सासूबाई एकट्याच मालकीण होत्या, हे वाक्य मृत्युलेखात अवश्य घ्या.

आता तुमच्या मनाला लागलेली गोष्ट. त्या साताऱ्याला आल्या नाहीत. दुभत्या गायींना दिवसातून दोनदा, वर्षाचे सगळे दिवस, धार काढावीच लागते. न काढल्यास कास सुजते आणि गाय आजारी पडते. डिसेंबरच्या थंडीत, सासऱ्यांचे गुडघे तुम्ही म्हणता तसे झालेले असताना, तीन आठवड्यांसाठी दुसऱ्याच्या हाती गोठा सोपवणे त्यांना जमले नसेल. यामुळे तुमच्या आईला त्या मांडवात वाटलेले दुःख खोटे ठरत नाही, आणि फोनवर दोन गोड शब्द त्या बोलू शकल्या असत्या हेही खरे आहे. मृत्युलेखात त्यांना प्रेमळ, मनमिळाऊ असे काही लिहू नका. तुम्हाला ते तसे वाटले नाही आणि ऐकणाऱ्यांनाही ते खरे वाटणार नाही.

परंतु त्या चिकटपट्टीविषयी तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, तिथे मला तुम्हाला थांबवायचे आहे. त्या गावांमध्ये कुणी गेले की दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण असते आणि ते महिला मंडळाच्या बायका पाळीपाळीने करतात: लोणी लावलेल्या पावात हॅम, बटाट्याचे सॅलड, जेलीचे सॅलड, चौकोनी कापलेले गोड बार आणि मोठ्या किटलीतली कॉफी. स्वयंपाकघरात एकसारखी दिसणारी तीस-चाळीस भांडी जमतात, म्हणून प्रत्येकीच्या भांड्याच्या बुडाला तिचे नाव असते. पाहुणीच्या नावाचे भांडे तिथे नसते. पाहुणी वर टेबलाशी बसते आणि तिला वाढले जाते. ज्या बाईच्या नावाचे भांडे त्या ओट्यावर आहे ती गावची, तिच्यावर दुसऱ्यांच्या दुःखाचा वाटा उचलण्याची जबाबदारी आहे, असे सगळ्या जणी मानतात. तुमच्या सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, त्यांच्या कानाला अगदी परके असलेले तुमचे नाव फोन करून अक्षरे विचारून घेऊन, बरोबर लिहून, स्वतःच्या नावाच्या भांड्याशेजारी ठेवले. 'मुलाची बायको' असे लिहिले असते तरी भांडे परत आले असते. माझ्या सव्वीस वर्षांत मला तिथे असे भांडे सातव्या वर्षी मिळाले, आणि ते मी पुण्याला परतताना सामानातून घेऊन आले.

रडू येण्याचा प्रश्न राहिला. तुम्हाला लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. तुम्ही निधनानंतरचा आठवडा सगळ्यांचे विमान, झोपण्याची सोय, जेवण यांतच घालवला आहे, आणि ज्या घरात कुणीच रडले नाही तिथे सून एकटी रडणार कशी? वह्या घरी आल्या की कदाचित येईल, कदाचित नाही. त्यासाठी थांबू नका.

लिहायला बसाल तेव्हा जन्मसालापासून सुरुवात करू नका, ती निधनवार्तेत येऊन गेली आहे. १९५८ च्या त्या पानापासून सुरू करा आणि ते जसेच्या तसे वाचा. मग पिल्ले, पेट्या, साय आणि जोडे यांचा अर्थ सांगा. मग मागे जाऊन वीज आली ती संध्याकाळ, मग रात्रपाळीची वर्षे. इंग्रजीत लिहा, कारण ऐकणारे ते आहेत, परंतु पहिला खर्डा मराठीत करा. तुम्हाला जे खरे वाटते ते आधी मराठीतच येईल. दोन पाने म्हणजे मोठ्याने वाचताना सात-आठ मिनिटे, आणि एप्रिलमध्ये तिथल्या उघड्या टेकडीवर वारा बोचरा असतो, म्हणून त्याहून लांबवू नका. कागद मोठ्या अक्षरात छापून घ्या. त्याची एक प्रत वह्यांच्या खोक्यात ठेवा आणि एक मावशींना द्या.

दफनानंतर तळघरात जेवण असेल. मंडळाच्या बायका तुम्हाला म्हणतील की घरच्यांनी काही आणायचे नसते, आणि रीत तशीच आहे. तरीही तुमचे ते भांडे सोबत न्या. जेवण उरकल्यावर स्वयंपाकघरात जा, ते तिथल्या फडताळात सासूबाईंच्या भांड्याजवळ ठेवा आणि पुढच्या वेळी तुमची पाळी कधी ते विचारून या. चिकटपट्टी जुनी होऊन सुटत आली असेल, तर ती काढू नका. तिच्यावरून दुसरी पारदर्शक पट्टी लावून घ्या.

तुमची,
सदरलेखिका